तातडीच्या पेशंटची पहिली तपासणी आणि औषध देणं (ग्रामीण विदर्भ)

अचानक सिरीयस झालेल्या माणसाला नेमका कोणता आजार आहे हे शोधण्याआधी त्याचा जीव आत्ता कशाने जाऊ शकतो ते ठरलेल्या क्रमाने बघणं आणि बघता बघता लागेल ते औषध देणं, असं हे काम आहे. विदर्भातल्या खेड्यांत ते प्राथमिक आरोग्य केंद्राचे मेडिकल ऑफिसर, सिस्टर, उपकेंद्रातले सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर), १०८ च्या गाडीतले डॉक्टर (ही सेवा राज्यात २०१४ पासून) आणि सगळ्यात आधी आशाताई करतात. प्रत्येकाच्या हातातली औषधं वेगळी, बघायचा क्रम मात्र एकच.

या क्रमाला एबीसीडीई म्हणतात: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि शेवटी कपडे बाजूला करून पूर्ण अंग बघणं. एबीसीचं श्रेय बहुतेक ठिकाणी पीटर साफार या भूलतज्ज्ञाला दिलेलं असतं आणि साल १९५७ छापलेलं असतं. साफारने तोंडाने श्वास द्यायची आणि मान मागे करून श्वासमार्ग मोकळा करायची पद्धत पन्नाशीच्या दशकात सिद्ध केली यात वाद नाही, पण छाती बाहेरून दाबायची पद्धत कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छापली ती १९६० मध्ये, मग १९५७ ला तिसरं अक्षर (सी, म्हणजे रक्ताभिसरण) आजच्या अर्थाने कुठून येणार? म्हणून तिन्ही अक्षरं एकत्र आली ती १९६० नंतर असं धरणं जास्त बरोबर वाटतं. डी आणि ई नेमकी कोणी जोडली यावर एकमत नाही, पण जगभर गेली ती एटीएलएस या, जखमींवरच्या तातडीच्या उपचारांच्या कोर्समुळे. जेम्स स्टायनर नावाच्या हाडाच्या सर्जनचं छोटं विमान फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेत नेब्रास्कातल्या शेतात कोसळलं, बायको गेली, मुलं जखमी झाली, आणि तिथल्या खेड्यातल्या दवाखान्यात जे उपचार मिळाले ते बघून त्याने सहकाऱ्यांसोबत १९७८ ला पहिला कोर्स घेतला, अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो १९८० ला उचलला. म्हणजे ही पद्धत मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलसाठी नाही तर एक डॉक्टर आणि दोन सिस्टर असलेल्या जागेसाठीच निघाली, हे आपल्याकडे शिकवताना सांगितलं पाहिजे असं मनापासून वाटतं. २०१० पासून अमेरिकन हार्ट असोसिएशनने आधी छाती दाबा मग श्वास असा क्रम केला, पण तो हृदय बंद पडलेल्यांसाठी. विषबाधा, बुडणं, मण्यारचा दंश यात श्वास आधी बंद पडतो, तिथे श्वास देण्यात उशीर परवडत नाही.

प्रत्यक्षात पेशंट बोलतोय का हेच आधी बघायचं, पूर्ण वाक्य बोलत असेल तर श्वासमार्ग बहुतेक ठीक. मग मिनिटभर श्वास मोजायचे. मोठ्यांचे १२ ते २० असतात, लहान मुलांत दोन महिन्यांखाली ६०, वर्षाच्या आत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त म्हणजे जलद श्वास. हे पूर्ण मिनिट मोजायचंच, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की बाळांमध्ये हमखास चुकतं. नाडी, बीपी, बोटाला ऑक्सिमीटर (हात थंड असेल किंवा नखाला मेंदी असेल तर आकडा फसवू शकतो). शुद्धीसाठी ग्लासगो स्केल १९७४ चा, टीसडेल आणि जेनेट यांचा, ३ ते १५ गुण. उपकेंद्रात मात्र जागा आहे, आवाजाला प्रतिसाद देतो, दुखवलं तर देतो, कशालाच देत नाही, एवढ्या चार पायऱ्या पुरतात आणि पुढच्या दवाखान्याला फोनवर सांगायलाही सोप्या जातात. बेशुद्ध किंवा झटके येणारा कोणीही असो, ग्लुकोमीटर लावल्याशिवाय पुढे जायचं नाही.

औषध देताना योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम नर्सिंगमधून आले, कधी आले ते पक्कं सांगता येत नाही, पुढे कोणी सहा केले कोणी दहा. पाचांत सगळ्यात जास्त घोळ डोस आणि मार्ग यात होतो. उदाहरण अॅड्रिनलिनचं: अॅलर्जीच्या शॉकमध्ये मोठ्या माणसाला १:१००० चं अर्धा मिली मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यायचं असतं, तेच घाईत शिरेत गेलं तर हृदयाची लय बिघडू शकते. लहान मुलांचा डोस वजनावर असतो, म्हणून वजनकाटा हे तातडीचंच सामान समजावं.

विदर्भात या सगळ्याची खरी परीक्षा फवारणीच्या हंगामात होते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो भरती झाले. ऑर्गनोफॉस्फेट या गटातल्या कीटकनाशकांचा पेशंट ओळखायचा तो घाम, लाळ, डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि छातीत घरघर यावरून. कपडे काढून साबणाने अंग धुणं लगेच, पण धुवायला म्हणून अॅट्रोपीन हे उताऱ्याचं औषध थांबवायचं नाही, आणि ऑक्सिजन नाही म्हणूनही नाही. सुरुवातीला १.८ ते ३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ च्या तीन ते पाच अँप्युल, शिरेतून, मग दर पाच मिनिटांनी बघून फरक नसेल तर दुप्पट, जोवर छाती मोकळी होत नाही, नाडी आणि वरचं बीपी दोन्ही ८० च्या वर जात नाही, काख कोरडी होत नाही. फक्त बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबू नये, नाडी जलद आहे म्हणूनही नाही. उलट बडबड, ताप, पोट गच्च, लघवी अडकलेली असं दिसलं तर अॅट्रोपीन जास्त झालंय. दुसरं औषध प्रॅलिडॉक्सिम, त्यावर अभ्यासक वेगळे बोलतात. बारामतीचा २०० पेशंटचा अभ्यास २००६ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात सतत मोठ्या डोसने फायदा दिसला, आणि २००९ च्या श्रीलंकेतल्या अभ्यासात फायदा दिसला नाही, मृत्यू उलट थोडे जास्तच. खेड्यातल्या दवाखान्याने प्रॅलिडॉक्सिमची वाट न बघता अॅट्रोपीन नीट द्यावं आणि श्वासावर लक्ष ठेवावं हेच जास्त पटतं. शिवाय प्रत्येक फवारणीचं विष ऑर्गनोफॉस्फेट नसतं, डायफेन्थियुरॉनसारख्या औषधाला अॅट्रोपीन उतारा नाही, म्हणून डबा किंवा त्याचा मोबाईलवर फोटो सोबत आणायला सांगायचं. ऑर्गनोफॉस्फेटच्या पेशंटला बरं वाटलं तरी चार दिवस सोडायचं नाही, एक ते चार दिवसांत मान आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात, उशीवरून डोकं उचलायला रोज सांगून बघावं.

पान लागलेला, म्हणजे साप चावलेला पेशंट आला की घट्ट बांधलेली दोरी, चिरा, मांत्रिकाकडे गेलेला वेळ हे सगळं सोबत येतं. दोरी झटक्यात सोडायची नाही, आधी शिरेत सलाईनची सुई लावून ठेवायची. नाग आणि मण्यार श्वास बंद करतात, घोणस आणि फुरसं रक्त गोठू देत नाहीत. मण्यार रात्री झोपेत चावतो, खूण जवळपास दिसत नाही, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या मिटायला लागतात, याला अॅसिडिटी समजून सोडून देऊ नये. रक्तासाठी वीस मिनिटांची चाचणी: नव्या कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त, वीस मिनिटं हलवायचं नाही, मग एकदा तिरपी करून रक्त गोठलं का ते बघायचं. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लास्टिकची असेल तर चाचणी विश्वासाची नाही. विष भिनल्याची लक्षणं असली तरच प्रतिविष, सुरुवातीला ८ ते १० व्हायल सलाईनमधून साधारण तासाभरात, मुलांनाही तेवढंच कारण सापाने विष तेवढंच सोडलेलं असतं. टेस्ट डोस करायचा नाही, अॅलर्जी आली तर लागेल म्हणून अॅड्रिनलिन भरून बाजूला ठेवायचं.

उष्माघातात अंगाचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर आणि माणूस बरळतोय असं असलं की आधी पाणी, पंखा, बर्फ, पॅरासिटामॉलचा यात उपयोग नाही. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात यासाठी वेगळा वॉर्ड काढतात. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटचं दुखणं नाटक समजू नये, दुखणं थांबवणं, पाणी, ताप असेल तर अँटिबायोटिक आणि ऑक्सिजन कमी असेल तरच ऑक्सिजन.

पुढे पाठवताना चिठ्ठीवर काय दिलं, किती दिलं आणि किती वाजता दिलं हे हवं, खास करून अॅट्रोपीन आणि प्रतिविषाचं, नाहीतर पुढचा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. गडचिरोलीतल्या भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटा नदीला पूर आला की गाडी निघतच नाही, तिथे दर पंधरा मिनिटांनी श्वास, नाडी, शुद्ध पुन्हा बघून कागदावर वेळेसकट लिहीत जायचं, आणि फोन लागला की तोच कागद वाचून दाखवायचा.