गुडघ्याला नऊ महिने मिळतात, त्या मुलाला काय मिळतं?

मॅचमध्ये बॉल त्या पोराजवळ नव्हताच आणि कोणी धक्का पण मारला नव्हता. जोरात धावता धावता एका पायावर थांबून दिशा बदलायला गेला, बूट गवतात रुतला, गुडघा आतल्या बाजूला वळला आणि आतून टक् असा आवाज आला. फुटबॉलमधल्या एसीएलच्या (गुडघ्यातल्या एका लिगामेंटच्या, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या दोराच्या) बहुतेक दुखापती अशाच होतात, गुडघ्यावर थेट मार न बसता. मुलींमध्ये तर याचं प्रमाण मुलांच्या 2 ते 3 पट आहे. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजतो, दोन-चार दिवसांत एमआरआय होतो, आणि 17 वर्षांच्या पोराला डॉक्टर सांगतात की लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन करावं लागेल, नऊ महिने तरी विसर.

जे आधीच मोठ्या लीगमध्ये खेळतायत त्यांच्या दुखापतींवर भरपूर लिहिलं जातं. मला लिहायचंय ते त्यांच्याबद्दल जे तिथपर्यंत पोचलेच नाहीत, म्हणजे ज्यांचा गुडघा 16 ते 20 या वयात गेला, कॉन्ट्रॅक्टवर सही व्हायच्या आधी. यांची संख्या कितीतरी जास्त आहे आणि यांच्याकडे बघणारं कोणी नसतं.

आधी गुडघ्यात नक्की काय होतं ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या अगदी मधोमध तिरकं बांधून ठेवणारा दोर म्हणजे एसीएल. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये हे त्याचं काम. आता बाकीची बरीच लिगामेंट्स फाटली तरी आपली आपण जुळतात, मग हेच का नाही? तर शरीर कुठलीही जखम भरताना आधी तिथे रक्ताची गुठळी बनवतं आणि ती गुठळी पुलासारखी वापरून दोन टोकांमध्ये नवीन पेशी घालतं. एसीएल मात्र सांध्याच्या आत, सांध्यातल्या द्रवात असतं, तिथे ती गुठळी टिकतच नाही, त्यामुळे तुटलेली दोन टोकं बहुतेक वेळा लोंबत राहतात. म्हणून सर्जन मांडीच्या मागचा नाहीतर वाटीखालचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) थोडा काढून घेतात आणि हाडात बोगदा पाडून तो दोराच्या जागी बसवतात.

गंमत अशी की बसवलेला कंडरा पहिल्या दिवशी चांगला मजबूत असतो आणि नंतर कमजोर होतो. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, त्यातल्या जुन्या पेशी मरतात, मग नवीन रक्तवाहिन्या आत शिरतात, नवीन पेशी येतात आणि कंडऱ्याचं हळूहळू लिगामेंट व्हायला लागतं. या मधल्या काळात, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या आसपास, तो सगळ्यात नाजूक असतो, आणि नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखणं कमी झालेलं असतं, पोराला वाटतं आपण बरे झालो. मित्र मैदानावर बोलावत असतात. घाई होते ती इथेच. 2016 साली आलेल्या एका अभ्यासात असं दिसलं की ऑपरेशननंतर नऊ महिने होईपर्यंत खेळात परतणं जितकं पुढे ढकलाल तितकं चांगलं, प्रत्येक महिन्यामागे परत दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी होत होतं.

अजून एक गोष्ट जी खेळाडूंना कोणी नीट सांगत नाही. ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू बघता बघता वाळतो आणि कितीही जोर लावला तरी तो नीट आवळतच नाही, मग पोरगा समजतो आपणच कमी पडतोय. तसं नाहीये. सुजलेल्या सांध्यातून मज्जारज्जूकडे जे सिग्नल जातात त्यामुळे मज्जारज्जूच त्या स्नायूला ब्रेक लावतो. म्हणजे इच्छाशक्ती कितीही असली तरी तारेतूनच करंट कमी येतोय. हे कळलं तर निदान स्वतःला दोष देणं तरी थांबेल, म्हणून मी हे मुद्दाम लिहितोय.

आणि परत येणारे किती? 2014 मध्ये बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिलं तेव्हा एसीएलच्या ऑपरेशननंतर कुठल्या ना कुठल्या खेळात परतणारे साधारण 81 टक्के निघाले, आधीच्याच पातळीवर परतणारे 65 टक्के आणि स्पर्धात्मक खेळात परतणारे फक्त 55 टक्के. पंचविशीच्या आतले जे परत खेळायला लागतात त्यातल्या जवळजवळ 4 पैकी 1 जणाचं दुसऱ्यांदा लिगामेंट जातं, कधी तोच गुडघा, कधी दुसरा.

आता हे नऊ महिने त्या वयाच्या कॅलेंडरवर ठेवून बघा. 25 वर्षांचा कॉन्ट्रॅक्टवाला खेळाडू एक सीझन बाहेर बसतो, पगार चालू असतो, क्लबचा फिजिओ असतो, डॉक्टर असतो, परत आला की जागा असतेच असं नाही पण निदान एक संधी मिळते. 17 वर्षांच्याचं तसं नसतं कारण अकॅडमीत कोणाला ठेवायचं आणि कोणाला सोडायचं हे नेमकं 16 ते 18 या वयातच ठरतं, आणि त्या एका सीझनमध्ये बरोबरीची पोरं उंच होतात, ताकदवान होतात, मोठ्यांच्या मॅचमध्ये उतरतात, आणि हा भिंतीला टेकून गुडघा वाकवायचा व्यायाम करत असतो. तो बरा होऊन येतो तेव्हा त्याच्या जागी दुसरा कोणीतरी असतो. वाईट खेळला म्हणून कोणी त्याला काढलेलं नसतं, फक्त त्याचं नाव पुढच्या यादीत नसतं, आणि मला वाटतं ते जास्त लागतं, कारण भांडायला पण समोर कोणी नसतं.

इथून मनाची दुखापत सुरू होते. 1993 साली ब्रिटन ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘खेळाडू म्हणून ओळख’ मोजायची एक प्रश्नावली तयार केली, म्हणजे मी कोण या प्रश्नाच्या उत्तरात खेळाचा हिस्सा किती. हा हिस्सा मोठा असला की माणूस जास्त मेहनत करतो, शिस्त पाळतो, हे चांगलंच, पण त्याच माणसाला दुखापत झाली की नैराश्याचा धोकाही जास्त असतो. म्हणजे ज्या गुणामुळे तो पोरगा अकॅडमीत टिकला तोच गुण आता त्याला खाली ओढतो. सातव्या-आठव्या वर्षापासून घरचे, शेजारचे, शाळेतले सगळे त्याला ‘फुटबॉलवाला’ म्हणूनच ओळखतात, त्याने दुसरं काही करून बघितलेलंच नसतं, त्यामुळे फुटबॉल गेला की खाली दुसरी पायरीच नसते.

खेळ सोडण्यावर झालेल्या 126 अभ्यासांचा एक मोठा आढावा 2013 मध्ये आला. त्यातून निघालं ते असं की स्वतःहून ठरवून सोडणाऱ्यांना पुढे जाणं तुलनेने सोपं जातं, आणि ज्यांना सोडावं लागतं, ज्यांची ओळख फक्त खेळाशी बांधलेली असते, ज्यांनी पुढचा काहीच विचार केलेला नसतो, त्यांना ते फार जड जातं. आपल्या 17 वर्षांच्या पोराला या तिन्ही गोष्टी एकदम लागू होतात. व्यावसायिक खेळाडूंवर फिफप्रो या खेळाडू संघटनेने जे संशोधन केलं त्यात तीन किंवा जास्त गंभीर दुखापती झालेल्यांना मानसिक त्रासाची शक्यता बाकीच्यांच्या 2 ते 4 पट होती. आणि ते लोक तर संघटनेचे सदस्य होते, त्यांना फोन करायला एक नंबर होता. लीगपर्यंत न पोचलेल्याकडे तोही नसतो.

यात शरीर पण भर घालतं. आठवड्यातून पाच-सहा दिवस पळणारं शरीर एकदम थांबलं की झोप बिघडते, चिडचिड होते, मूड जातो, भूक मात्र जुनीच राहते. दमसास किती पटकन उतरतो याचं एक जुनं उदाहरण आहे. 1966 मध्ये डॅलसला 20 वर्षांच्या 5 निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं, आणि त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता चौथ्या हिश्श्याहून जास्त घटली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं तेव्हा त्या 30 वर्षांच्या वयाने जेवढं नुकसान झालं होतं त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांनी जास्त केलेलं होतं. पण त्याच प्रयोगात पुढे ट्रेनिंग दिल्यावर सगळे परत आले, आधीपेक्षा वर गेले, हे पण सांगायला हवं. दमसास परत येतो, तो गेला म्हणून रडू नका.

मग राहतं काय? माझ्या मते बरंच राहतं, आणि जे राहतं ते गुडघ्यात कधी नव्हतंच. 1973 मध्ये चेस आणि सायमन यांनी बुद्धिबळपटूंना काही सेकंद पट दाखवून सोंगट्या आठवून मांडायला सांगितल्या. खऱ्या डावातली मांडणी असली की तरबेज खेळाडू नवख्यांच्या खूप पुढे, पण सोंगट्या कशाही विखुरल्या की तो फरक जवळजवळ संपला. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती अचाट नव्हती, त्यांना नमुने दिसत होते. फुटबॉलमध्येही संशोधकांना असंच काहीसं दिसलंय. मुरलेला खेळाडू पास व्हायच्या आधीच पास कुठे जाणार ते ओळखतो, बॉल मिळायच्या आधी मान फिरवून आजूबाजूला बघून घेतो. दहा वर्षं रोज खेळून मेंदूत बसलेली ही गोष्ट कुठल्याही लिगामेंटबरोबर तुटत नाही.

जर्मन फुटबॉल कोच युलियन नागल्समान यांचं उदाहरण इथे अगदी चपखल आहे. म्युनिकच्या 1860 क्लबच्या युवा संघातून ते ऑग्सबुर्गच्या राखीव संघात गेले आणि 20 व्या वर्षी गुडघ्यामुळे खेळणं संपलं, व्यावसायिक लीगमध्ये एकही मॅच नाही. त्या राखीव संघाचे कोच होते थॉमस टुखेल, ज्यांचं स्वतःचं खेळणं पंचविशीच्या आसपास गुडघ्याच्या कूर्चेमुळेच (हाडांच्या टोकांवरच्या मऊ गादीमुळे) थांबलं होतं आणि ज्यांनी नंतर एका बारमध्ये काम पण केलं होतं. टुखेलनी या पोराला सोडलं नाही, त्याला प्रतिस्पर्धी संघांच्या मॅच बघून माहिती आणायच्या कामाला लावलं. 2016 मध्ये 28 व्या वर्षी नागल्समान होफेनहाइमचे मुख्य कोच झाले, बुंडेसलिगाच्या, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात वरच्या लीगच्या, इतिहासातले सगळ्यात तरुण कायम मुख्य कोच, आणि 2023 मध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचे.

पण ही गोष्ट ऐकवून कोणाला ‘तू पण कोच हो’ म्हणू नका. असे दोघं दिसतात कारण ते दिसण्याएवढे मोठे झाले. काहींना तर वर्षभर मैदानाकडे बघवत पण नाही आणि त्यात काही चूक नाही, त्यांना नर्सिंग, सुतारकाम, अकाउंट्स, काहीही आवडू शकतं. मला त्या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते टुखेलनी काय केलं ते, आणि कधी केलं ते. पोरगा अजून संघातलाच होता, तेव्हाच त्याच्या हातात एक खरं काम दिलं, ज्याची कोणाला तरी खरंच गरज होती. गुडघ्याला पहिल्या आठवड्यापासून वेळापत्रक मिळतं, दुसऱ्या आठवड्यात एवढं वाकवायचं, तिसऱ्या महिन्यात एवढं वजन उचलायचं. त्याच कागदावर एक ओळ पोरासाठी का नसावी? आठवड्यातून एक दिवस काहीतरी शिकायचं, लहान पोरांच्या प्रॅक्टिसला मदत करायची, आणि कोणाशी तरी मोकळं बोलायचं. त्यासाठी नऊ महिने संपायची वाट कशाला बघायची?

शेवटचं, आणि हे खेळ सोडलेल्यांनी जास्त लक्ष देऊन वाचा. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या महिला फुटबॉलपटूंना 12 वर्षांनी तपासलं, तेव्हा त्यांचं सरासरी वय जेमतेम 31 होतं आणि निम्म्या जणींच्या एक्सरेमध्ये गुडघ्याचा संधिवात दिसत होता. दुखापतीच्या क्षणी कूर्चेला आणि हाडाला जो मार बसतो तो ऑपरेशनने पुसला जात नाही. म्हणून खेळ सुटला की रिहॅब पण सोडून द्यायचं, ‘आता कुठे मॅच खेळायचीय’ म्हणून, ही फार मोठी चूक होते. मांडीचे स्नायू मजबूत ठेवा, सायकल चालवा, पोहा, वजनावर लक्ष ठेवा, संधिवात असलेल्या जाड लोकांवरच्या एका अभ्यासात 1 किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने कमी होत होता. फिजिओने दिलेला तो कंटाळवाणा व्यायामाचा कागद ड्रॉवरमध्ये असेल तर काढा बाहेर, त्यातले निम्मे व्यायाम चाळिशीत जिना चढायला लागणारेत.