पार्श्वसेवा म्हणून चालणारा व्हर्जन कंट्रोल सर्व्हर

सोर्स कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवून ती रेपॉझिटरी नेटवर्कवरून अनेकांना खुली करणारा सर्व्हर, संगणक सुरू होताच कोणी लॉगइन न करता चालू व्हावा आणि कोणी लॉगआउट केल्याने बंद पडू नये, अशा रीतीने ऑपरेटिंग सिस्टिमच्या स्वाधीन करण्याची पद्धत. अशा प्रोग्रॅमला युनिक्स परंपरेत डीमन, तर विंडोजमध्ये सर्व्हिस म्हणतात.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील किंवा रबाळे-महापे पट्ट्यातील एखाद्या लहान कंपनीत टेबलाखालच्या संगणकावर काळी कमांड विंडो उघडी असते आणि मॉनिटरवर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी डकवलेली असते. सर्व्हर सेवा म्हणून बसवलेला नाही, याची ती चिठ्ठीच खूण होय. पावसाळ्यात रात्री वीज जाऊन पहाटे परत आली, तर संगणक स्वतःहून सुरू होतो, पण ती विंडो उघडत नाही, आणि ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो बदलापूरहून लोकलने येईपर्यंत कोणालाही कमिट करता, म्हणजे आपला बदल रेपॉझिटरीत नोंदवता, येत नाही. सेवा बसवणे म्हणजे सर्व्हरची राखण माणसाकडून काढून यंत्राकडे सोपवणे.

ही राखण कोण करतो, याबाबत सर्व्हर आणि सेवा-व्यवस्थापक (सेवा सुरू-बंद करणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग) यांच्यात एकवाक्यता असावी लागते, आणि बहुतेक अडचणी ती नसल्यामुळे उद्भवतात. सबव्हर्जन या व्हर्जन कंट्रोल प्रणालीची १.० आवृत्ती २००४ मध्ये आली. सबव्हर्जनचा एसव्हीएनसर्व्ह हा हलका सर्व्हर ३६९० या पोर्टवर (नेटवर्क जोडणीच्या क्रमांकित दारावर) ऐकतो आणि १.४ आवृत्तीपासून (२००६) विंडोजवर मूळ सेवा म्हणून चालू शकतो. त्यासाठी विंडोजमध्ये सेवा नोंदवणाऱ्या ‘एससी क्रिएट’ या आज्ञेतील प्रोग्रॅमच्या मार्गापुढे ‘सर्व्हिस’ हा पर्याय द्यावा लागतो. त्याऐवजी सवयीने ‘डीमन’ हा पर्याय दिला, तर सर्व्हर चालू होऊनही विंडोजच्या व्यवस्थापकाला अपेक्षित उत्तर देत नाही आणि सुमारे ३० सेकंद वाट पाहून तो १०५३ क्रमांकाची त्रुटी दाखवतो. याच आज्ञेत बरोबरच्या (=) चिन्हानंतर एक रिकामी जागा सोडावी लागते; ती न सोडल्याने अनेकांची दुपार वाया गेली असावी. लिनक्सवरील सिस्टिमडी (२०१०) या व्यवस्थापकाबाबत नेमकी उलट चूक घडते. तेथे डीमन होणारी प्रक्रिया आपले अपत्य (स्वतःतून निर्माण केलेली दुसरी प्रक्रिया) मागे सोडून स्वतः संपते; सेवेचा प्रकार ‘सिंपल’ लिहिलेला असेल, तर काम संपले असे समजून सिस्टिमडी त्या अपत्यालाही मारून टाकतो. म्हणून प्रकार ‘फोर्किंग’ तरी लिहावा, किंवा सर्व्हर ‘फोरग्राउंड’ या पर्यायाने पुढेच चालू ठेवावा.

सेवा कोणत्या खात्याने चालते, हा प्रश्न सर्वाधिक महत्त्वाचा आहे. युनिक्सवर १०२४ च्या खालच्या पोर्टांनाच रूटचे (सर्वाधिकारी खात्याचे) अधिकार लागतात. ३६९० साठी ते लागत नाहीत, त्यामुळे वेगळे साधे खाते उघडून रेपॉझिटरीची मालकी त्यालाच द्यावी. पुढे एखाद्याने सर्व्हरवर बसून रूट म्हणून थेट फाइलमार्गाने कमिट केल्यास दोष लगेच दिसेलच असे नाही. सबव्हर्जनच्या एफएसएफएस या साठवणीच्या मांडणीत (१.५ पासून) रेपॉझिटरीतील दर हजार आवृत्त्यांसाठी (प्रत्येक कमिटमागे एक आवृत्ती) एक उपफोल्डर असतो; नेमकी १००० वी आवृत्ती रूटच्या हातून गेली, तर ‘१’ नावाचा नवा फोल्डर रूटच्या मालकीचा होतो. त्यानंतर सर्वांना अपडेट मिळत राहते, पण कमिट मात्र ‘परवानगी नाकारली’ या संदेशाने परत येते, आणि वाचन चालू असल्यामुळे संशय भलत्याच गोष्टींवर जातो. विंडोजवर खाते न सांगितल्यास सेवा लोकलसिस्टम या अतिअधिकारी खात्याने चालते. शिवाय लॉगइन केलेल्या माणसाने जोडलेले झेड ड्राइव्हसारखे नेटवर्क ड्राइव्ह सेवेला दिसत नाहीत.

सुरू होण्याच्या क्रमालाही महत्त्व आहे. रेपॉझिटरी वेगळ्या डिस्कवर असून ती जोडली जाण्यापूर्वी सेवा उठली, तर जोडणीच्या जागचा रिकामा फोल्डर पाहून सर्व्हर बिनतक्रार चालू होतो. क्लायंटला मात्र रेपॉझिटरी सापडत नाही. सिस्टिमडीमध्ये ‘रिक्वायर्स माउंट्स फॉर’ या ओळीने ही वाट पाहणे सक्तीचे करता येते.

गिट या दुसऱ्या व्हर्जन कंट्रोल प्रणालीचा (२००५) स्वतःचा डीमन ९४१८ या पोर्टवर चालतो, पण त्यात ओळख पटवण्याची सोयच नसल्यामुळे तो सार्वजनिक वाचनापुरताच योग्य ठरतो. लिहिण्यासाठी बहुधा एसएसएच किंवा एचटीटीपीएस या सुरक्षित जोडण्या वापरतात आणि मग सांभाळायची सेवा तीच असते.

सबव्हर्जन सर्व्हर हुक-स्क्रिप्ट (कमिटसारख्या घटनेच्या वेळी आपोआप चालणाऱ्या आज्ञा) जवळजवळ रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे आज्ञा कुठे शोधाव्यात यासारख्या नेहमीच्या सेटिंग्जशिवाय, चालवतो, म्हणून टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट कमिटच्या वेळी अडते. तिच्यात प्रत्येक आज्ञेचा पूर्ण मार्ग लिहावा लागतो. बॅकअपसाठी सेवा थांबवण्याची गरज नाही, कारण ‘एसव्हीएनॲडमिन हॉटकॉपी’ चालू रेपॉझिटरीची सुसंगत प्रत काढते. मात्र ती प्रत रूटने परत जागेवर ठेवली असेल, तर सेवा चालू करण्यापूर्वी सर्व फायलींची मालकी पुन्हा सेवेच्या खात्याकडे वळवावी लागते.