पिकवायला सवलत, विकायला दारूबंदी कायदा

टाकीत असेपर्यंत नाशिकची वाईन सरकारदरबारी शेतमाल प्रक्रिया असते. बाटली गेटबाहेर पडली की ती दारू होते. लहान वायनरीवाल्यांचं दुखणं इथलं आहे आणि ते जुनं आहे.

मुळाशी 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा. विक्री नीट चालावी म्हणून तो केलेला नाही, ती थांबावी म्हणून केला. पुढे बंदी सैलावली, सांगाडा राहिला. आजही कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना लागतो (दुकानात कोण विचारतो, ते सोडा). त्यात राज्यघटनेने मद्य राज्यांच्या सूचीत टाकलेलं, म्हणजे प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क खातं निराळं आणि नियमही निराळे.

नारायणगावची इंडेज ही वाईन कंपनी 1980 च्या दशकात सुरू झाली, नाशिकची सुला 1999 मध्ये. खरी लाट आली ती 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने. राज्यातल्या द्राक्षांपासून केलेल्या वाईनला उत्पादन शुल्क माफ झालं, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क उभे राहिले. द्राक्ष बागायतदारांनी कर्ज काढून स्टीलच्या टाक्या बसवल्या.

माल तयार झाला, पण ठेवायचा कुठे? सीलबंद बाटल्या विकणाऱ्या दुकानांचे, म्हणजे एफएल-2 चे नवे परवाने राज्यात 1970 च्या दशकापासून जवळपास बंदच आहेत. फळी तेवढीच, आणि तिच्यावर व्हिस्की-बिअरचा हक्क आधी. वितरकाचं तरी काय चुकतं? महिन्याला चार पेट्या खपणाऱ्या नावासाठी तो गाडी का पाठवील?

परराज्यात जायचं तर आधी लेबलनोंदणी, म्हणजे प्रत्येक वाईनची तिकडच्या उत्पादन शुल्क खात्यात वेगळी नोंद. तीन राज्यांत पाच प्रकारच्या वाईन न्यायच्या म्हटलं तर पंधरा नोंदण्या, त्याही बहुतेक ठिकाणी दरवर्षी नव्याने. शंभर पेट्या विका नाहीतर लाख, फी सहसा तीच. मग तिकडच्या खात्याचा आयात परवाना, तो आल्यावर इकडचा वाहतूक पास, मग गाडी भरायची. तमिळनाडूत तर घाऊक-किरकोळ दोन्ही व्यापार सरकारी टास्मॅककडे, गिऱ्हाईक एकच. मोठ्या कंपनीत या कागदांसाठी माणसं असतात. लहान वायनरीत छाटणी बघणारा मालकच कागदही बघतो.

2008 ची मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांनी हॉटेलांचा खप आटला. पुढे इंडेज बुडाली, अनेक लहान वायनऱ्या बंद पडल्या, वाईनच्या द्राक्षांच्या बागा काढल्या गेल्या. मंदी सगळ्यांनाच आली होती, पण हॉटेलाशिवाय दुसरी वाट नसलेल्यांना ती जास्त लागली, असं माझं मत.

उरली गेटवरची विक्री. टेस्टिंग रूममध्ये चव द्यायची, तिथेच बाटली विकायची, वितरकाचा वाटा वाचवायचा. त्यावरही 2017 मध्ये गदा आली: महामार्गापासून 500 मीटरच्या आत मद्यविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश होता. तो अपघात रोखण्यासाठी होता, पण पर्यटक येतात ते महामार्गावरूनच.

27 जानेवारी 2022 ला मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायला मान्यता दिली. दारूबंदी असलेले जिल्हे वगळले होते, शाळा-मंदिरांपासून अंतराची अटही होती. तरी ‘मद्यराष्ट्र’ म्हणत भाजप तुटून पडला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. सरकारने हरकती मागवल्या, जूनमध्ये सरकारच बदललं, निर्णय कागदावर राहिला. शेतकऱ्याच्या नावाने मांडलेल्या या निर्णयाचा पहिला फायदा मोठ्या ब्रँडलाच झाला असता, हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण लहानांना निदान फळी तरी वाढली असती.

2024 च्या जानेवारीत वाईन प्रोत्साहन योजना पाच वर्षांसाठी पुन्हा सुरू झाली. 20 टक्के व्हॅटपैकी 16 टक्के परत मिळतात. परतावा अर्थातच झालेल्या विक्रीवर. ज्याची बाटली फळीवर पोचलीच नाही, त्याने कशावर मागायचा?