निरसं दूध प्यावं का? रतीबाच्या ग्राहकांसाठी माहिती

रतीब लावताना हल्ली एक प्रश्न हमखास येतो : "तुमचं दूध न तापवता चालतं ना?" कोणी मोबाइलवर निरशा दुधाचे गुण ऐकलेले असतात, कोणाला तालमीतल्या पोराच्या खुराकाची काळजी असते. आमचं उत्तर "तापवूनच प्या" असं आहे. मात्र तुमच्या घरात काय प्यायचं ते तुम्ही ठरवणार, म्हणून कारणं सांगतो.

पलूस-तासगाव भागातल्या गोठ्यांतून आलेलं दूध कूलरमध्ये 4 अंशांपर्यंत थंड करून कॅनमधून सांगली-मिरजेत तुमच्या दारात येतं. पिशवीचं दूध 72 अंशांवर 15 सेकंद तापवून लगेच थंड केलेलं असतं, आमचं तसं नसतं. गारव्यानं जंतूंची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रिजमध्येही वाढतो आणि गरोदर बाईला त्याचा मोठा धोका असतो.

"पण तुमचा गोठा स्वच्छ आहे," असं म्हणणारे ग्राहक आहेत. आभार! धुतलेली कास, कोरडे हात आणि स्टीलची भांडी यांमुळे शेणातून येणारे जंतू नक्कीच कमी होतात. ब्रुसेला नावाचा जंतू मात्र बाहेरून पडत नाही, तो बाधित जनावराच्या कासेतूनच दुधात उतरतो. गाय धडधाकट दिसते, दुधाच्या चवीत आणि वासात काही कळत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात ती गाभडली (गर्भ पडला) की मालकाला शंका येते, आणि प्रत्येक बाधित गाय गाभडतेच असं नाही. माणसात हा आजार उतरून पुन्हा चढणारा ताप, रात्रीचा घाम, सांधे आणि कंबर धरणं अशा रूपात दिसतो. तोही बऱ्याचदा काही आठवड्यांनी, त्यामुळे दुधाकडे कोणाचं बोट जात नाही. असा ताप मागे लागला, तर डॉक्टरांना निरसं दूध पीत होतो हे आवर्जून सांगा. औषध आहे, पण कोर्स लांबलचक असतो.

2019 पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात 4 ते 8 महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस देतात. आमच्याकडे दूध घालणाऱ्यांना आम्ही ती घ्यायला लावतो. तरी जुन्या आणि बाजारातून आणलेल्या जनावरांची खात्री देता येत नाही.

आजोबांचा दाखला बहुतेक जण देतात : जन्मभर धारोष्ण प्यायले, काही झालं नाही. शक्य आहे. त्यांचं दूध दारातल्या एकाच म्हशीचं होतं, धार काढली की तांब्या तोंडाला. आमच्या कॅनमध्ये कित्येक गोठ्यांचं दूध एकत्र असतं, एक जनावर बाधित निघालं तरी सगळा कॅन गेला. शिवाय त्या काळी ज्यांना बाधलं त्यांच्या आजाराला नुसतं "ताप" म्हणत, तपासणी कोण करत होतं?

तापवल्यानं ताकद जाते म्हणावं, तर प्रथिनं आणि कॅल्शियम जवळपास तसंच राहतं. काही ब जीवनसत्त्वं थोडी घटतात. क जीवनसत्त्वासाठी तर कोणी दूध पीत नाही. दूध पचत नसेल, तर निरशा दुधातही लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, तेवढंच असतं. आणि देशी गायीच्या दुधाबद्दल सांगतात ते "ए-टू" म्हणजे प्रथिनाचा एक प्रकार, त्याचा जंतूंशी संबंध नाही. देशी खिलारीलाही ब्रुसेला होतो. "निरसं, देशी, ताकदीचं" असं लिहून लिटरमागे चार पैसे जास्त लावणं आम्हालाही जमलं असतं.

दुसरी बाजूही आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमधल्या मुलांच्या 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोठ्याचं कच्चं दूध पिणाऱ्यांमध्ये दमा कमी आढळला. तरीही ते प्या, असा सल्ला संशोधकांनी दिला नाही. अमेरिकेत हा वाद "माझं अन्न, माझी मर्जी" असा चालतो. तिथे 1987 पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पिण्यासाठी कच्चं दूध विकायला बंदी आहे, राज्याच्या आत ज्याचे-त्याचे नियम. मार्च 2024 मध्ये तिथल्या गायींत बर्ड फ्लू सापडला आणि कच्च्या दुधातही त्याचा विषाणू मिळाला.

मर्जीबद्दल आमचं म्हणणं एवढंच : जाणत्या माणसानं स्वतःपुरतं ठरवावं. पाळण्यातलं बाळ, गरोदर सून, केमोथेरपी घेणारे काका यांच्या पेल्यात ते ओतू नये. पाहुण्याला द्यायचं, तर आधी सांगून द्यावं. पंचामृताला निरसंच लागतं असं काही घरांत मानतात. अभिषेकाला ते खुशाल वापरा, पण तीर्थ वाटायचं पंचामृत तापवून गार केलेल्या दुधाचं करा.

तापवताना ढवळत राहा, पूर्ण उकळी येऊ द्या, मग झाकून लवकर गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दिवसभर पुन्हा पुन्हा उकळू नका, लागेल तेवढंच काढून गरम करा. विरजणही तापवलेल्याच दुधाला लावा.

उकळूनही न जाणाऱ्या दोन गोष्टींची जबाबदारी आमची. दगडी (कासेचा दाह) झालेल्या जनावराला अँटिबायोटिक दिलं, की डॉक्टरांनी सांगितलेले दिवस त्याचं दूध कॅनमध्ये घेत नाही. बुरशी लागलेली पेंड किंवा मका खाल्ल्यास दुधात अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष उतरतं, म्हणून गोठ्यावरचं खाद्य आम्ही बघतो. तुम्हालाही बघायचं असेल, तर आदल्या दिवशी कळवून संध्याकाळच्या धारेला या. जनावरांच्या कानातले बिल्ले आणि लसीची नोंद मागा, दाखवू.