पेनड्राइव्ह लावला की आपोआप उघडतो, त्यामागची गोष्ट

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डिस्क यंत्राला जोडणे आणि ती माउंट करणे, म्हणजे तिच्यावरच्या फायली वापरता येतील अशी फोल्डरांच्या रचनेत बसवणे, या सुरुवातीपासूनच दोन निराळ्या गोष्टी आहेत. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्येच माउंट ही आज्ञा सापडते. त्या काळी ड्राइव्हमधून डिस्कचा पॅक काढून दुसरा बसवता येई. कोणता पॅक कुठे बसवला आहे हे यंत्राला कळत नसे, ते ऑपरेटरच्या डोक्यात असे. त्याने सांगितले की कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, निमूटपणे तो पॅक डिरेक्टरीच्या (फोल्डरांच्या) झाडाला जोडत असे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या मॅन्युअलमध्ये या आज्ञेखाली दोष म्हणून एक कबुलीही आहे: कचरा भरलेली फाइल सिस्टिम (डिस्कवर फायली मांडण्याची रचना) माउंट केली तर सगळी यंत्रणाच कोसळेल. ती ध्यानात असू द्या, पुढे लागेल.

१९८० च्या सुमारास बीएसडी या युनिक्सच्या शाखेत एफएसटॅब ही फाइल आली. कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी एकदा लिहून ठेवायची आणि यंत्र सुरू होताना ती वाचायची, इतकी साधी सोय. तिच्यामागचे गृहीतक मात्र पक्के होते: डिस्क जागच्या हलत नाहीत.

‘ऑटोमाउंट’ हा शब्द रूढ झाला तोसुद्धा काढत्या-घालत्या डिस्कसाठी नव्हे. सन या संगणक कंपनीच्या १९८८ मधल्या सनओएस ४.० मध्ये तो एनएफएस फोल्डरांसाठी, म्हणजे नेटवर्कवर दुसऱ्या यंत्रात असलेल्या फोल्डरांसाठी, होता. कोणी त्या वाटेवर पाऊल टाकले की जोडणी व्हायची, काही वेळ कोणी फिरकले नाही की सुटायची. फ्लॉपी किंवा सीडीला हे अर्धेच लागू पडते, कारण तिथे खरा प्रश्न आधीचा असतो: आत काही घातले आहे का? पीसीच्या फ्लॉपी ड्राइव्हला ते आपणहून सांगता येत नसे. शिवाय बाहेर काढण्याचे बटण यांत्रिक, म्हणजे लिहिणे अर्धवट असतानाही बोट दाबले की फ्लॉपी हातात. मॅकिंटॉश आणि सनच्या यंत्रांवर ती सॉफ्टवेअरच बाहेर ढकलत असल्यामुळे हा घोळ होत नसे. सनच्याच १९९३ च्या सोलारिस २.२ मध्ये सीडी आपोआप माउंट होऊ लागली, पण फ्लॉपीसाठी ‘व्हॉलचेक’ ही आज्ञा देऊन ‘जरा बघ’ असे सांगावेच लागे. युनिक्सच्या धर्तीवरच्या लिनक्सवर अनेकांनी माउंटची भानगडच टाळली आणि एमटूल्स वापरून फ्लॉपीवरच्या डॉस फायली थेट वाचल्या.

यूएसबीने ही सगळी घडी विस्कटली. जानेवारी २००१ च्या लिनक्स २.४ पासून यूएसबी डिस्क सर्रास वापरात येऊ लागल्या आणि त्यांना नाव मिळे ते आल्याच्या क्रमाने: पहिली एसडीए, दुसरी एसडीबी. आज एसडीबी असलेला पेनड्राइव्ह उद्या एसडीसी. अशा यंत्रावर एफएसटॅबमधली ओळ म्हणजे भाडेकरू दर आठवड्याला बदलणाऱ्या खोलीवरची नावाची पाटी. आधीच्या डेव्हएफएस या व्यवस्थेने नावे ठरवण्याचे काम कर्नलमध्येच ठेवले होते. २००३ मध्ये आलेल्या यूडेव्हने ते बाहेर काढले: कर्नलने फक्त ‘एक यंत्र आले’ एवढे कळवायचे, नाव काय द्यायचे ते बाहेरच्या नियमांनी ठरवायचे. माझ्या मते या कहाणीतला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

मग ओळख पटवायची कशावरून? डिस्कवर जे लिहिले आहे त्यावरून. लिनक्सच्या एक्स्ट२ कुटुंबातल्या फाइल सिस्टिमचा सुपरब्लॉक, म्हणजे तिची मुख्य माहिती असलेला तुकडा, १०२४ व्या बाइटपासून सुरू होतो आणि त्यात ५६ बाइट पुढे ईएफ५३ ही हेक्स खूण असते. आयएसओ ९६६० या मानकाच्या सीडीच्या १६ क्रमांकाच्या सेक्टरमध्ये ‘सीडी००१’ अशी अक्षरे असतात. खूण जुळली की पुढे लेबल आणि क्रमांक वाचायचा. एक्स्टचा यूयूआयडी, म्हणजे एकमेव असावा असा ओळखक्रमांक, १६ बाइटांचा, अनेक पेनड्राइव्हवर असणाऱ्या फॅट या फाइल सिस्टिमचा अनुक्रमांक जेमतेम ४ बाइटांचा आणि त्याचे लेबल फार तर ११ अक्षरांचे. हे शोधकाम करणारी लिबब्लकआयडी ही लायब्ररी आज बहुतेक लिनक्समध्ये असते.

काम सोपे वाटते, पण डिस्कला भूतकाळ असतो. नव्याने फॉरमॅट करताना आधीच्या फाइल सिस्टिमची खूण पुसली गेलीच असे नाही. मग एकाच डिस्कवर दोन खुणा सापडतात. अशा वेळी लिबब्लकआयडी अंदाज न बांधता हात वर करते, आणि जुन्या खुणा पुसायला वाइपएफएस ही वेगळी आज्ञा ठेवली आहे. डिस्कची हुबेहूब प्रत काढली तर यूयूआयडीही हुबेहूब येतो. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम तर त्याच यूयूआयडीची दुसरी डिस्क एका वेळी माउंट करायला साफ नकार देते.

डेस्कटॉपपर्यंत हे पोहोचवण्याचे श्रेय २००३-०४ मधल्या एचएएल या प्रकल्पाला जाते. डेव्हिड झॉयथेन यांनी तो लिहिला. सगळ्या हार्डवेअरची खानेसुमारी एका जागी ठेवण्याचा त्याचा हव्यास पुढे त्यालाच जड गेला. सीडी आत आली का हे बघायला तो दर २ सेकंदांनी ड्राइव्हचे दार ठोठावत बसे. मार्च २०११ च्या २.६.३८ कर्नलने ही चौकशी स्वतःकडे घेतली. तोवर एचएएलची जागा यूडिस्क्स या सेवेने घेतलेली होती. माउंट हा मुळात रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, अधिकार. यूडिस्क्स तो समोर बसलेल्या माणसाच्या वतीने वापरते, पण ‘नोसुइड’ (प्रोग्रॅमला त्याच्या मालकाचे अधिकार मिळू नयेत) आणि ‘नोडेव्ह’ (डिस्कवरच्या उपकरण-फायली मानू नयेत) या अटी घालून. नाहीतर कोणीही पेनड्राइव्हवर रूटच्या हक्काने चालणारा प्रोग्रॅम घरून बनवून आणला असता.

न विचारता डिस्क उपटणाऱ्यांसाठी ‘सिंक’ पर्यायाने, म्हणजे प्रत्येक बदल ताबडतोब लिहून, माउंट करण्याची युक्ती काढली गेली. जून २००५ च्या २.६.१२ कर्नलपासून फॅटने तो पर्याय खरोखर पाळायला सुरुवात केली. मोठी फाइल उतरवताना कोणती जागा कोणत्या फाइलला दिली याचा तोच तक्ता पुन्हा पुन्हा लिहिला जाऊ लागला. वेग रडकुंडीला आला आणि फ्लॅशचे तेच ते कप्पे झिजू लागले. पुढे ‘फ्लश’ नावाचा मधला मार्ग काढावा लागला.

आणि आता ती जुनी कबुली: डिस्कवरच्या मजकुरावर डोळे झाकून विश्वास ठेवला तर यंत्रणाच धोक्यात येते. २०१८ मध्ये केडीईच्या प्लाझ्मा या लिनक्स डेस्कटॉपमध्ये एक दोष सापडला. फॅट पेनड्राइव्हच्या लेबलातच शेलची (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) आज्ञा लिहिली असेल, तर तो माउंट करताना ती आज्ञा चालून जाई. ज्या ११ अक्षरांवरून ओळख पटवायची, तीच हुकूम सोडू लागली. २०२३ मध्ये एक्सएफएसच्या देखभालकर्त्यांनी आपल्या साधनसंचात यूडेव्हचा एक नियम घातला: काढत्या-घालत्या डिस्कवर एक्सएफएस दिसली तर यूडिस्क्सने ती परस्पर माउंट करायची नाही, माणसाने सांगावे.