डॅशबोर्डवर एकाच वेळी अनेक दिवे लागल्यास : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

गाडी सुरू करताच एबीएस, पॉवर स्टिअरिंग, एअरबॅग आणि चेक इंजिन असे चार-पाच दिवे एकदम लागले, म्हणजे चार-पाच भाग निकामी झाले, अशा समजुतीने धास्तावून येणारे ग्राहक उन्हाळ्यात विशेष वाढतात. प्रत्यक्षात इतके भाग एकाच सकाळी बिघडणे क्वचितच घडते. या सर्व यंत्रणांची कंट्रोल युनिट्स एकाच बॅटरीवर चालतात आणि एकमेकांकडून सतत माहिती घेत असतात. त्यामुळे व्होल्टेज उतरले, किंवा एका युनिटकडून येणारी माहिती थांबली, की बाकीची युनिट्सही आपापला दिवा लावून मोकळी होतात.

म्हणून आम्ही गाडीतील बिघाडाच्या नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरच्या आधी व्होल्टेज मोजणारा मल्टिमीटर हाती घेतो आणि त्यावरचा आकडा ग्राहकालाही दाखवतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीत सुमारे 12.6 व्होल्ट असावेत, 12.2 दिसले तर ती जवळपास निम्मी उतरलेली असते. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळावेत, मात्र अनेक नव्या गाड्यांत अल्टरनेटरचे (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) चार्जिंग गरजेनुसार कमी-जास्त होत असल्यामुळे एका आकड्यावर आम्ही निकाल देत नाही. बॅटरी थंडीत बसते असे लोक म्हणतात, पण तिचे आयुष्य खाते ते ऊन, आणि सोलापुरात पारा चाळीशीच्या वर किती दिवस राहतो हे आपण जाणताच. पुष्कळदा बॅटरी ठीक असते, पण टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असते किंवा बॉडीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी ढिली असते. केवळ एबीएस, ट्रॅक्शन (चाक घसरू न देणारी यंत्रणा) आणि हिल होल्ड (चढावर गाडी मागे जाऊ न देणारी यंत्रणा) हे तीनच दिवे लागले असतील, तर संशय बहुधा चाकाच्या स्पीड सेन्सरवर जातो. शेतात जाणाऱ्या गाड्यांत त्यावर काळी माती थापून वाळलेली आढळते, तर गोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी वायर कुरतडलेली असते.

आता मुख्य विनंती. गाडी आणण्यापूर्वी कृपया बॅटरीचे टर्मिनल काढून लावू नका आणि मोबाइलला जोडायच्या स्वस्त स्कॅनरने कोड, म्हणजे गाडीने साठवलेली बिघाडाची नोंद, पुसू नका. दिवे जातात हे खरे, पण बिघाड जात नाही. कोड नोंदवला जातो त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिन किती तापले होते, व्होल्टेज किती होते, हा तपशील बहुतेक गाड्यांत कोडसोबत साठवलेला असतो आणि कोड पुसताच तोही जातो. पुसून आणलेल्या गाडीत आम्हाला सारे कोरे दिसते. मग तोच बिघाड पुन्हा घडेपर्यंत गाडी चालवून पाहण्यात आपला आणि आमचा दिवस जातो. शिवाय काही गाड्यांत टर्मिनल काढल्यावर स्टिअरिंगचा कोन आणि काचांचे ऑटो बटण पुन्हा सेट करावे लागते, म्हणजे नसलेला एक दिवा वाढतो.

त्याऐवजी दिव्यांचा फोटो काढून आणावा, मात्र इंजिन सुरू झाल्यानंतरचा. नुसती चावी फिरवल्यावर दिवे चाचणीसाठी लागतातच. आधीच्या दोन-चार दिवसांत इंजिन धुतले होते का, कोणी जंपर केबल लावली होती का, नवा म्युझिक सिस्टिम किंवा हॉर्न बसवला होता का, हेही सांगावे. ‘काहीच केले नाही’ या उत्तरानंतर बॉनेटखाली नव्या हॉर्नची चमकती वायर सापडते, असे आमच्याकडे नेहमी घडते.

ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला असेल, तर मात्र फोटोचाही विचार न करता गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि टोइंग बोलवावे. बॅटरी चार्जिंगचा लाल दिवा लागून स्टिअरिंग जड झाले, तरी पुणे किंवा हैदराबादच्या हायवेवर पुढे रेटू नये. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असल्यास सहसा मिसफायर असतो, म्हणजे इंजिनात इंधन नीट जळत नसते, आणि तशीच गाडी चालवल्यास धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

‘स्कॅनर लावायला पाच मिनिटे लागतात, मग तपासणीचे पैसे कशाचे?’ असे विचारले जाते. कोड वाचायला पाच मिनिटे पुरतात. पण कोड सेन्सरचे नाव सांगतो, दोष सेन्सरमध्ये आहे, वायरमध्ये आहे की कपलरमध्ये (वायरच्या जोडात), हे सांगत नाही. ते शोधल्याशिवाय आम्ही भाग बदलत नाही, आणि काम आमच्याकडे केल्यास तपासणीचे शुल्क बिलातून वजा करतो. बॅटरी आणि चार्जिंगची तपासणी आमच्याकडे विनाशुल्क आहे. ती मार्च संपण्यापूर्वी सकाळी, गाडी थंड असताना करून घेणे सोयीचे पडते.