अंड्याची वरची बाजू वरच राहू द्या

अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांत जून महिन्यात, विशेषतः पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळी, अंगणाच्या कडेला एखादं कासव मागच्या पायांनी माती उकरताना दिसतं. कवच घुमटासारखं उंच, काळपट तपकिरी, त्यावर पिवळ्या-केशरी रेघा. हे ईस्टर्न बॉक्स टर्टल. त्याच्या पोटाकडच्या ढालीला बिजागरी असते. धोका जाणवला की डोकं आणि पाय आत घेऊन ते ढाल वर ओढतं आणि पुरतं बंद होतं. कुळ तळ्यातल्या कासवांचं असलं तरी याचं आयुष्य जंगलाच्या जमिनीवर, पालापाचोळ्यात जातं. न्यू जर्सी किंवा व्हर्जिनियात राहणाऱ्या मराठी घरांच्या परसातही ते येऊन जातं.

पाळलेलं कासव असो वा परसात आलेलं, अंडी दिसली की माणसाचा हात आपोआप पुढे होतो. तिथेच थांबायला हवं, आणि त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

कोंबडीच्या अंड्यात बलक दोन पीळदार धाग्यांनी मधोमध धरलेला असतो. अंडं फिरलं तरी गर्भ वरच्या बाजूला येतो, त्यामुळे कोंबडीने अंडी सारखी उलटीपालटी केली तरी बिघडत नाही. कासवाच्या अंड्यात असे धागे नसतात. अंडं घातल्यावर साधारण दिवसभरातच गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला, वरच्या बाजूने चिकटतो. त्या जागी खडूसारखा पांढरा डाग उमटतो आणि हळूहळू पसरत जातो. अंडं फलित असल्याची ही चांगली खूण. यानंतर अंडं उलटलं तर गर्भ सुटू शकतो किंवा बलकाखाली दबून मरू शकतो. अंडी हलवणं अगदीच भाग असेल, म्हणजे घरटं पाण्यात बुडत असेल किंवा तिथे खोदकाम होणार असेल, तर आधी प्रत्येक अंड्यावर मऊ पेन्सिलीने वरची बाजू खुणावून घ्यावी आणि ते त्याच स्थितीत उचलावं.

आता ‘माझी मादी एकटीच आहे, मग अंडी कुठून?’ हा प्रश्न. नराशिवायही मादी अंडी घालू शकते. ती बहुधा फलित नसतात. पण बॉक्स टर्टलची मादी नराचं शुक्र शरीरात जपून ठेवते, आणि एका मीलनानंतर चार वर्षांपर्यंत फलित अंडी घातल्याच्या नोंदी आहेत. त्यामुळे एकट्या मादीची अंडीही फुकट म्हणून टाकून देऊ नयेत. नर-मादी ओळखायची तर नराचे डोळे बहुधा लाल, शेपूट जाड आणि पोटाची ढाल मागच्या बाजूला खोलगट असते. मादीचे डोळे तपकिरी आणि ढाल सपाट.

अंड्यांची खरी तयारी ती घालण्याच्या कितीतरी आधी होते. मादीला कवचासाठी कॅल्शियम लागतं. कासवाच्या वाड्यात समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा ठेवला तर ती तो कुरतडते. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं आणि त्यासाठी थेट ऊन. काचेतून आलेलं ऊन चालत नाही, कारण लागणारे अतिनील किरण काच अडवते. गांडुळं, गोगलगायी, अळंबी, बेरीसारखी फळं हा तिचा जंगलातला आहार. नुसत्या लेट्यूसवर तिला ठेवू नये. उथळ पाणी, दाट सावली आणि पाचोळ्याचा थर हवाच. शिवाय वाड्याचा एक उन्हाचा, भुसभुशीत, पाणी न साचणारा कोपरा मोकळा सोडावा. मनाजोगती जागा मिळाली नाही तर मादी अंडी अडवून धरते. ती अस्वस्थ फिरते, जागोजागी उकरते, खाणं सोडते. अशा वेळी कासवांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे नेऊन एक्स-रे काढावा. अडकलेली अंडी जीव घेऊ शकतात.

एका वेळी बहुधा तीन ते सहा अंडी, लांबट, पांढरी, चामड्यासारखी लवचिक. मादी ती बोटभर खोल पुरते, माती सारखी करते आणि निघून जाते. पुढचे सत्तर ते नव्वद दिवस मातीच ती उबवते, आणि पिल्लू नर की मादी हेही मातीची ऊबच ठरवते. साधारण २७ अंश सेल्सियसच्या खाली बहुतेक नर, २८ च्या वर बहुतेक माद्या. म्हणून घरट्यावर काळं प्लॅस्टिक अंथरणं किंवा ‘ऊन लागतंय’ म्हणून छत घालणं टाळावं. आपल्या नकळत सगळी पिल्लं एकाच लिंगाची व्हायची.

करण्यासारखं एकच काम मोठं आहे, ते म्हणजे राखण. रॅकून, स्कंक आणि कोल्हे वासावर घरटं उकरतात, आणि ताज्या घरट्यांना धोका सर्वांत जास्त. तारेची मजबूत जाळी घरट्यावर पालथी घालून तिच्या कडा जमिनीत पुराव्यात. ऊन-पाऊस आत जाऊ द्यावा. दोन महिने झाले की रोज नजर टाकावी, म्हणजे बाहेर आलेली पिल्लं जाळीत अडकून उन्हात सुकणार नाहीत. पिल्लू जेमतेम तीन सेंटिमीटरचं असतं. पोटाला बलकाची पिशवी उरलेली दिसली तर ती ओढू नये, ती आपोआप जिरते. कधी पिल्लं हिवाळा घरट्यातच काढतात. शरदात कोणी दिसलं नाही म्हणून खणून पाहू नये.

रानातलं कासव मात्र घरी आणू नये. मेरीलँडमधल्या पटक्सेंट इथल्या वन्यजीव संशोधन केंद्रात संशोधक लुसिल स्टिकल यांनी १९४० च्या दशकात कासवांच्या पाठीवर दोऱ्याचं रीळ बसवून त्यांच्या वाटा मोजल्या. प्रौढ कासवं वर्षानुवर्षं काहीशे मीटरच्या त्याच परिसरात राहतात, हे त्यातून दिसलं. दूर नेऊन सोडलेलं कासव बहुधा घरच्या दिशेने चालत सुटतं आणि रस्त्यांवर मरतं. मादी वयात यायलाच सात ते दहा वर्षं लागतात आणि अंड्यांतून प्रौढ होणारी कासवं फार थोडी, त्यामुळे एक मादी गेली की पुढच्या कित्येक दशकांची अंडी जातात. रस्त्यात दिसलं तर ते ज्या दिशेने निघालं होतं त्याच दिशेला, पलीकडच्या कडेला ठेवावं. अनेक राज्यांत ते पकडणं किंवा बाळगणं कायद्याने बंद आहे. पाळलेल्या कासवाची पिल्लंही रानात सोडू नयेत, कारण त्यांच्याबरोबर रोग जातात. त्यांचं काय करायचं ते राज्याच्या वन्यजीव खात्याला आधी विचारावं. आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात.